मुदत न मागता घेतलेली मोटार

आमच्याकडच्या बैलबाजारात एक चांगली रीत होती. भाव ठरायचा तो उपरण्याखाली. विकणारा आणि घेणारा हातावर उपरणे टाकून एकमेकांची बोटे दाबायचे, तोंडाने मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा. भाव जमला की उपरणे काढायचे आणि मग घेणाऱ्याने चार माणसांसमोर म्हणायचे, "तीन दिवस मुदत." म्हणजे बैल घरी नेऊन जुंपून पाहायचा. जुवाखाली बसकण मारणारा बसका निघाला, मारका निघाला, तर तिसऱ्या दिवशी परत. विकणाऱ्याने तोंड वाकडे करायचे नाही. ज्याला जनावर ओळखता येत नाही त्याच्यासाठी ही सोय होती.

मी मुदत मागितली नाही. ती गोष्ट लिहायला बसलो आहे.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली अखेरची वर्षे. चांदा जिल्हा तेव्हा एकच होता, वर्धा नदीपासून थेट सिरोंच्यापर्यंत. मी लॉरी धुण्यापासून सुरुवात केली होती, आणि त्या वेळेपर्यंत माझ्या दोन लॉऱ्या बांबू वाहत होत्या. शाळा चार बुकांची. पण मोटारीच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही, असे मी सांगत असे आणि लोक मानत असत. माझी सगळी पत या एका वाक्यावर उभी होती.

मोटार एका ठेकेदाराची होती. माणूस जंगलातला मोठा: लाकूड, डिंक, लाख, मोहाची टोरी, सगळ्याचा ठेका त्याचाच. कोणा गोऱ्या साहेबाने विलायतेला जाताना ती त्याला विकली होती. शिकारीला जाऊन चार रात्री आतच राहता यावे अशी बांधलेली गाडी. दोन्ही बाजूंना झोपायच्या फळ्या, घडीचे टेबल, पितळी तोटीची पाण्याची टाकी, खिडक्यांना जाळ्या. आठ-दहा वर्षे वापरलेली, पण इंजिन दणकट. एक गोष्ट मात्र वेगळी होती. आमच्या लॉऱ्यांचा क्लच सळईने ओढला जाई. हिचा क्लच तेलावर चाले. पायाजवळ एक तेलाचे भांडे आणि सिलिंडर, तिथून पाइप खाली गिअरबॉक्सपर्यंत, तिथे दुसरा छोटा सिलिंडर. पायडल दाबले की वरचे तेल खालच्या सिलिंडरला ढकलायचे, त्यातला दांडा पुढे सरकायचा आणि क्लच सुटायचा. असा क्लच जिल्ह्यात मी तरी दुसरा पाहिला नव्हता.

ठेकेदाराला सौदा लोकांसमोर करायची हौस. त्याने मोटार वैशाखात, भर दुपारी, बैलबाजारात आणून उभी केली. शिंगे रंगवलेल्या बैलांमध्ये ती जाळ्यांची मोटार. मी चालवून पाहिली. पायडल जरा मऊ लागले. गिअर पडायला दोनदा दाबावे लागे. मी ते लगेच बोलून दाखवले आणि तेवढ्यावर भाव खाली आणला. उपरण्याखाली त्याची बोटे मी इतकी दाबली की तो हसत होता पण घामाने भिजला होता. शेवटचा टप्पा उतरेना, तेव्हा मी माझा हुकमाचा पत्ता टाकला.

"भाऊ, मले मुदत नको. मी मोटार ओळखतो. आत्ता म्हणाल त आत्ता नेतो. परत आणणार नाई."

त्याने एक क्षण माझ्याकडे पाहिले. मग माझे बोट दाबले.

मी जिंकलो असे समजून ती मोटार घरी आणली. बायकोने फळीवर बसून पाहिले, तोटी फिरवून पाहिली आणि म्हणाली, "इथी त घरापेक्षा बरं आहे."

पावसाळा गेला. दिवाळीनंतर नागपूरचे दोन शिकारीचे हौशी गृहस्थ मोटार ठरवून आले. मुक्काम मूल गावाच्या पुढे जंगलात. पहाटे निघायचे ठरले, कारण जनावर पाण्यावरून परतते ते पहाटे. हॅण्डल मारले, इंजिन लागले. मी पायडलवर पाय ठेवला आणि पाय तिथेच राहिला. खाली जाईना. दगडावर पाय ठेवल्यासारखे. दोन्ही पाय ठेवले, पाठ सीटला टेकवून रेटले. बोटभर गेले आणि तिथेच अडकून बसले, वर येईना. गिअर घालावा तर करकर. ते गृहस्थ कोटाच्या खिशात हात घालून उभे. "काय हो, तुमची मोटार अजून झोपली आहे वाटतं!" एक म्हणाला. ऊन वर आले, इंजिन तासभर चालत राहिले, आणि मग काही न करता पायडल सुटले. जसे काही झालेच नव्हते. तोवर कसली शिकार? दुसऱ्या दिवशी पहाटे तेच. तिसऱ्या दिवशी ते बसने परत गेले.

पुढच्याच बाजाराला मी ठेकेदाराला गाठले. तो पानाच्या दुकानासमोर बाकावर बसला होता, आजूबाजूला त्याची माणसे आणि सौदा पाहिलेले बैलवाले.

"थंडीत क्लच बसते तुमच्या मोटारीचा," मी म्हणालो. "तुम्हाले माहीत होतं."

"होतं ना," तो म्हणाला. अगदी सहज. "थंडीत तिले जागवाले येळ लागते. दोन हिवाळे पाह्यलं मी. म्हातारी मोटार आहे, गा."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तू इचारलं का? तू त मोटार ओळखतो ना? तुले त मुदतबी नको होती!"

एक बैलवाला म्हणाला, "दुपारभर घासला भाव, अन् घेतला बसका बैल!" सगळा बाजार हसला. पानवाला हसला. हसताना ठेकेदाराने माझ्या खांद्यावर हात ठेवला, समजूत घालतात तसा. तो हात मला अजून खांद्यावर जाणवतो. तो मी झटकला, दोन शिव्या दिल्या, आणि त्याने माझीच शोभा झाली. घरी येईपर्यंत मी एक ठरवले होते. पैसे परत नकोत, मोटार परत द्यायची नाही. या माणसाच्या तोंडून, चार माणसांसमोर, एक वाक्य काढायचे: मी तुले फसवलं. बस. बाकी काही नको.

पण आधी मोटारीला काय झाले ते कळायला हवे होते. मला कळत नव्हते, आणि ते मी कोणाला सांगू शकत नव्हतो.

पहिली चूक मी रागाच्या भरात केली. सवयीने मला वाटले, क्लचची प्लेट चिकटत असेल. दवाने, गंजाने. दोन दिवस खपून गिअरबॉक्स खाली उतरवली. प्लेट कोरडी, स्वच्छ, नव्यासारखी. दोन दिवसांची मेहनत आणि सोललेले कोपर घेऊन सगळे पुन्हा वर चढवले. मग मात्र डोके शांत करून बसलो. पाय आणि क्लच यांच्या मध्ये काय आहे? सिलिंडर, पाइप, सिलिंडर. म्हणजे खोड तिथेच.

दुपारी बायकोला चालवायच्या जागेवर बसवले आणि मी मोटारीखाली शिरलो, खालच्या सिलिंडरचा दांडा सरकतो का ते पाहायला.

"दाब!"

"काय दाबू? इथी तीन आहेत!"

"डावीकडचं!"

"हे खाली जाऊन राह्यलं वं माय... मोटार पळन ना?"

"इंजिन बंद आहे! दाब, अन् दाबून ठेव!"

दांडा सरकला, पण अर्धाच. रबरी टोपणाखाली ओल होती. बोट लावले तर तेलकट. आतले रबर झिजले होते; म्हणून तेल हळूहळू झिरपत होते, म्हणून पायडल दोनदा मारावे लागत होते. एवढे समजले. झिरपत होते म्हणजे कोणीतरी वरून तेल भरत होते. पण झिजल्या रबराने पायडल मऊ पडेल, दगड कसे होईल? आणि तेही फक्त थंडीत?

पाइपात हवा असेल म्हणून हवा काढायचा स्क्रू सैल केला. खाली धरायला काही हवे होते, तेव्हा चुलीजवळची पितळी वाटी उचलली.

"ती माही वाटी होय!" वरून आवाज आला.

"दाब! आता सोड! दाब!"

फुर्रर करून बुडबुडे आले आणि मागून पिवळसर तेल. वाटी भरली. ती मी ओट्याच्या कडेला ठेवली आणि दमून जेवायला बसलो. वाटी तिथेच राहिली.

सकाळी बायको भांडी घासायला बाहेर गेली. थोड्या वेळाने ती वाटी घेऊन आत आली आणि माझ्यासमोर उलटी धरली. वाटीतून थेंब पडला नाही. पिवळे तेल पांढरे, घट्ट झाले होते, गोठलेल्या तुपासारखे. तिने त्यात बोट खुपसले, नाकाशी नेले.

"हे त टोरीचं तेल होय."

टोरी म्हणजे मोहाची बी. तिचे तेल आमच्या भागात घरोघर. दिव्याला तेच, तळणाला तेच, गाडीच्या कण्याला तेच, फाटल्या टाचेला तेच. उन्हाळ्यात ते पाण्यासारखे पातळ. थंडी पडली की डब्यात गोठून बसते. सकाळी फोडणीआधी बायका डबा चुलीशेजारी ठेवतात. माझी बायकोही रोज ठेवत होती. मी रोज ते पाहत होतो.

"घरातलं गोठते," ती म्हणाली, "त मोटारीतलं काऊन नाई गोठन?"

मी वाटी हातात घेऊन बसलो. दोन लॉऱ्यांचा मालक, मोटार ओळखणारा.

सगळे एका रेषेत आले. क्लचचे खरे तेल नागपूरहून आणावे लागे. ठेकेदाराच्या कोठारात टोरीच्या तेलाचे पिंप भरलेले. त्याचे बोलणेच होते, घरचे असताना विकतचे कशाला. भांड्यातले तेल उतरले की तो टोरीचे ओतायला लावी. वैशाखात मोटार बाजारात आणली तेव्हा तेल पातळ होते. थंडीत ते पाइपात गोठून खडा होई. थंडीत अडते एवढे त्याला माहीत होते. का अडते ते माहीत नव्हते. म्हातारी मोटार, असे त्याला खरेच वाटत होते.

नागपूरच्या बसवाल्याकडून नवे रबर आणि तेल मागवले. पाइप सोडवून स्पिरिटने धुतला, गरम करून फुंकला, पांढरी चरबी निघेपर्यंत. रबर बदलले, तेल भरले, बायकोने पुन्हा दाबले आणि सोडले. त्यानंतर माघाच्या पहाटेलाही पायडल बोटाने जाई.

"आता बाजारात जाऊन सांगा," बायको म्हणाली. "वाटी दाखवा. सगळ्याहीले समजन का तुमची चूक नाई."

मला तेच करायचे होते. वाटी हातात घेऊन दारापर्यंत गेलोही. मग थांबलो. सौद्यात पहिला नियम असा की आपल्याजवळ काय आहे ते आधी दाखवायचे नाही. बाजारात सांगितले तर ठेकेदार म्हणेल, "अस्सं होय? बरं झालं समजलं," आणि पान खाईल. माझ्या हाती त्याला हवे असलेले काही नव्हते. मी वाटी परत आणून ठेवली.

"त्यानं आता दुसरी मोटार घेतली आहे," मी म्हणालो. "तिचाबी क्लच तेलावरचा आहे."

बायकोने माझ्याकडे पाहिले. "मंग त सांगाच त्याले. त्याचीबी बसन."

"बसू दे."

"तुमचं मन काई साजरं नाई," ती म्हणाली आणि वाटी राखेने घासायला घेतली. ती खूप वेळ घासत राहिली.

वर्षभर मी वाट पाहिली. त्या वर्षात बाजारात मला कोणी ना कोणी विचारी, "का गा, बसका बैल उठला का?" मी हसून "उठला" म्हणे. मोटार चांगली चालत होती, जंगलाची मोजणी करणारे, शिकारवाले घेऊन जात होते. पण एक जण जरी हसला तरी मी रात्री जेवत नसे.

पुढल्या पौषात मी आलापल्लीच्या रस्त्याने, मोजणीच्या माणसांना सोडून, एकटा परत येत होतो. जंगलातल्या डाकबंगल्याशी पोचलो तेव्हा उजाडले होते, गवतावर दव पांढरे होते. अंगणात ठेकेदाराची नवी मोटार उभी. इंजिन चालू. जंगलखात्याचे एक मोठे साहेब कोट घालून, हातात छडी, येरझाऱ्या घालत होते. खुणा केलेली झाडे पाहायला त्यांना पहाटेच निघायचे होते, आणि त्या पाहणीवर ठेकेदाराचा पुढचा ठेका होता, हे जंगलात सगळ्यांना ठाऊक होते. अंगणात शेकोटीभोवती लाकूडतोडे आणि गाडीवान बसलेले. त्यातले दोघे तरी त्या बैलबाजारात होते.

ठेकेदार स्वतः आत बसून दोन्ही पायांनी पायडल रेटत होता.

मी माझी मोटार थांबवली. क्लच दाबला, गिअर काढला, हळू, सगळ्यांना दिसेल असा. उतरून त्याच्या खिडकीशी गेलो. सीटमागे एक डबा दोरीने बांधला होता. झाकणाभोवती पांढरे ओघळ गोठलेले. वास ओळखीचा.

"बसली का, भाऊ?"

त्याने मान वर केली. चेहरा घामाने भिजला होता, त्या थंडीत. "तुही कशी चालते बापा?"

"मी मोटार ओळखतो."

"पाह्य ना जरा. साहेब खोळंबले आहेत."

"किती वेळ लागेल?" साहेबांनी विचारले.

"दहा मिनिटं, साहेब," मी म्हणालो.

ठेकेदार खाली उतरला, मला चार पावले बाजूला घेतले, खांद्यावरचे उपरणे काढून माझ्या हातावर टाकले आणि खालून बोटे पुढे केली. मी हात काढून घेतला. उपरणे जमिनीवर पडले.

"मले पैसे नको. चार माणसांसमोर एक गोष्ट बोला. त्या मोटारीची."

तो समजला. मूर्ख नव्हताच. "बरं गा. सांगाचं राहून गेलं, असं म्हणतो."

"राहून नाई गेलं."

"चूक झाली म्हणतो."

"चूक झाली त बाजारात हसले काऊन?"

"लपवलं म्हणतो. आता त झालं?"

"आणखी एक पायरी, भाऊ."

साहेबांनी घड्याळ पाहिले. छडी बुटावर एकदा मारली. ठेकेदाराने ती ऐकली. माझ्या आयुष्यात मी हजार सौदे केले असतील; समोरचा मोडतो तो क्षण मला मानेवरून कळतो. त्याची मान खाली आली.

"मी तुले फसवलं," तो म्हणाला.

"शेकोटीपर्यंत गेलं नाई."

"मी याले फसवलं!" तो ओरडला. "मोटार इकताना! मले माहीत होतं, मी सांगितलं नाई!"

शेकोटीजवळ कोणी हसले नाही. एका गाडीवानाने विडी तोंडातून काढली, माझ्याकडे पाहिले आणि परत तोंडात घातली. साहेबांनी भुवया उचलल्या. मला वाटले होते की सगळे हसतील. हसले असते तर बरे झाले असते. पण मला जे हवे होते ते मला मिळाले होते.

साहेबांच्या अंघोळीचे पाणी चुलवणावर उकळत होते. मी दोन बादल्या आणल्या, मोटारीखाली शिरलो, पाइपाला पोते गुंडाळले आणि लोट्याने गरम पाणी ओतत राहिलो. खालच्या सिलिंडरवर ओतले, वरच्यावर ओतले. आतमध्ये तेल वितळताना आवाज येत नाही, पण मला ते दिसत होते. "दाबा," मी म्हणालो. ठेकेदाराने दाबले. पायडल गेले, परत आले. पुन्हा गेले, परत आले.

"जादू आहे गा तुही," तो म्हणाला, आणि त्या क्षणी तो खरेच खूश होता. "झाली ना आता दुरुस्त?"

"आता चालते," मी म्हणालो.

उद्याचे त्याने विचारले असते तर मी काय सांगितले असते, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्याने विचारले नाही. साहेब आत बसले, दार लागले, मोटार धूर सोडत झाडांत गेली. साहेबांचा मुक्काम आणखी चार दिवसांचा होता, आणि थंडी शिवरात्रीपर्यंत काही जात नाही.

घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. बायकोने पाय धुवायला पाणी दिले. मी सगळे सांगितले, वाक्यासकट, उपरण्यासकट. तिने शेवटपर्यंत ऐकले.

"अन् तेलाचं सांगितलं का?"

"त्यानं इचारलं नाई."

तिने ताट वाढले. भाताशेजारी वरणाची पितळी वाटी जरा जोरात ठेवली, वरण ताटात सांडले. मग ती उठून मागे गेली. मला वाईट वाटले असे इथे लिहिले तर वाचणारा मला बरा म्हणेल. मी सांडलेले वरण भातात कालवले, आणखी एकदा भात घेतला आणि कित्येक महिन्यांनी पोटभर जेवलो.